पाइपलाइनची एचजीएल आणि ईजीएल कशी काढायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

पाइपमधल्या प्रवाहाचा विषय सुरू झाला की सुरुवात सोपी वाटते, बर्नोलीचं समीकरण पाठ होतं, आकडे टाकले की उत्तरही येतं, आणि मग कोणीतरी सांगतं की आता ह्याच लाइनची एचजीएल आणि ईजीएल कागदावर काढून दाखव, आणि तिथे हमखास गाडं अडतं. मी पाइपलाइनच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काम करतोय आणि नवीन आलेल्या मुलामुलींना हे शिकवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, त्यामुळे कुठे अडतं ते आता नीट माहीत झालंय. सगळे प्रेशरपासून सुरुवात करतात. प्रेशर हे सगळ्यात शेवटी काढायचं असतं. आधी एनर्जीची रेषा, मग तिच्यातून वेगाचा वाटा वजा करून दुसरी रेषा, आणि त्या रेषेतून पाइपची उंची वजा केली की जे उरतं ते प्रेशर. हा क्रम पक्का डोक्यात बसला की निम्मं काम झालं, म्हणून सगळा लेख त्याच क्रमाने लिहिलाय आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलंय.

ईजीएल म्हणजे एनर्जी ग्रेड लाइन, काही पुस्तकांत हिलाच टीईएल म्हणजे टोटल एनर्जी लाइन म्हणतात. एचजीएल म्हणजे हायड्रॉलिक ग्रेड लाइन, वर म्हटलेली वेगाचा वाटा वजा केलेली दुसरी रेषा.

सुरू करायच्या आधी काय काय हवं

- पाइपचं एल-सेक्शन, म्हणजे लांबीच्या बाजूने घेतलेला उभा छेद, ज्यात पाइपच्या सेंटरलाइनची लेव्हल ठिकठिकाणी दिलेली असेल
- प्रत्येक तुकड्याची लांबी आणि आतला व्यास (बाहेरचा नाही, आणि कॅटलॉगमधला नॉमिनल साइजही नाही)
- डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातंय
- दोन्ही टोकांच्या टाक्यांमधल्या पाण्याची लेव्हल
- पाइपचं मटेरियल आणि तो किती जुना आहे, म्हणजे आतला खडबडीतपणा धरता येईल
- एल्बो, व्हॉल्व्ह, रिड्यूसर, टी अशा सगळ्या फिटिंग्जची यादी
- लाइनवर पंप असेल तर त्याचा कर्व्ह, म्हणजे किती डिस्चार्जला तो किती हेड देतो त्याचा आलेख
- ग्राफ पेपर, दोन रंगांच्या पेन्सिली, कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट

स्प्रेडशीट आहे म्हणून ग्राफ पेपर टाळू नका. पहिल्या दोन-तीन लाइन हाताने काढल्या की रेषा कुठे उडी मारते आणि कुठे उतरते हे डोळ्यांना कळायला लागतं, आणि पुढे सॉफ्टवेअरने चुकीचा ग्राफ दिला तर तो बघताक्षणी खटकतो.

१. डेटम ठरवा आणि एल-सेक्शन उतरवून घ्या

डेटम म्हणजे सगळ्या उंच्या जिथून मोजायच्या ती शून्य पातळी. ती कुठलीही चालते, फक्त एकदा धरली की बदलायची नाही. एवढंच बघा की ती लाइनच्या सगळ्यात खालच्या बिंदूच्याही खाली असावी म्हणजे निगेटिव्ह लेव्हल येत नाहीत आणि चिन्हांचा घोळ होत नाही.

आपलं उदाहरण असं आहे. वरच्या टाकीतल्या पाण्याची लेव्हल ४०.०० मीटर. तिथून २०० मिमी व्यासाचा २०० मीटर पाइप निघतो, मग तो अचानक १५० मिमीचा होतो आणि आणखी १५० मीटर जाऊन खालच्या टाकीत पाण्याखाली सुटतो. डिस्चार्ज सेकंदाला ५० लिटर. पाइपची सेंटरलाइन सुरुवातीला ३७ मीटरवर, व्यास बदलतो तिथे ३० मीटरवर, मग दुसऱ्या पाइपच्या बरोबर मध्यावर एक चढ आहे तिथे ३५ मीटरवर, आणि शेवटी २६ मीटरवर. खालच्या टाकीची लेव्हल मुद्दाम दिलेली नाही, ती आपण काढणार आहोत.

२. तीन हेड नीट समजून घ्या, इथे घाई करू नका

पाइपमधल्या पाण्याकडे तीन प्रकारची एनर्जी असते, उंचीची, दाबाची आणि वेगाची. तिन्ही आपण मीटरमध्ये लिहितो. एनर्जी मीटरमध्ये कशी असा प्रश्न पडायलाच हवा, तर ही एनर्जी दर न्यूटन वजनामागे मोजलेली आहे, ज्यूल भागिले न्यूटन केलं की मीटरच उरतो. म्हणून त्याला हेड म्हणायचं.

- उंचीचं हेड, झेड: डेटमपासून पाइपच्या सेंटरलाइनपर्यंतची उंची
- प्रेशर हेड, पी बाय रो-जी: दाब भागिले (घनता गुणिले ९.८१)
- व्हेलॉसिटी हेड, व्ही स्क्वेअर बाय टू-जी: वेगाचा वर्ग भागिले १९.६२

पहिली दोन मिळवली की एचजीएलची लेव्हल. तिन्ही मिळवली की ईजीएलची लेव्हल. म्हणजे दोन रेषांमधलं अंतर म्हणजे फक्त व्हेलॉसिटी हेड, दुसरं काहीही नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लॅबमध्ये पारदर्शक पाइपवर उभ्या काचेच्या नळ्या बसवलेलं टेबल असतं, तिथे थोडा वेळ उभं राहा. पाइपच्या भिंतीला भोक पाडून बसवलेली साधी नळी म्हणजे पिझोमीटर, तिच्यात पाणी जिथपर्यंत चढतं ती एचजीएल. त्याच ठिकाणी प्रवाहाच्या समोर तोंड करून वाकवलेली नळी घातली तर तिच्यात पाणी आणखी थोडं वर चढतं कारण वाहत येणारं पाणी तिच्या तोंडाशी थांबतं आणि त्याचा वेग दाबात बदलतो, ती ईजीएल. ही दुसरी नळी म्हणजे पितो ट्यूब, ऑन्री पितो ह्यांनी १७३२ मध्ये सेन नदीचा वेग मोजायला असलीच नळी वापरली होती. मधे पाइप अरुंद होतो तिथल्या पिझोमीटरमध्ये पाणी एकदम खाली बसलेलं दिसतं आणि पुढे पाइप रुंद झाला की परत वर चढतं, मात्र पहिल्याइतकं चढत नाही. जे कमी पडलं तो लॉस. हे एकदा बघितलं की विसरत नाही.

आता ह्यातला सगळ्यात मोठा गैरसमज. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतं असं जवळपास सगळ्यांच्या डोक्यात असतं. तसं नाहीये. पाणी जास्त एनर्जीकडून कमी एनर्जीकडे वाहतं. उतारावरून खाली जाणाऱ्या पाइपमध्ये खालच्या टोकाला दाब जास्त असू शकतो आणि तरी पाणी खालीच जातं. रुंद होणाऱ्या पाइपमध्ये तर पाणी उघड उघड कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जातं. म्हणून पाणी कुठल्या दिशेला जाणार हे नुसत्या दोन प्रेशर गेजवरून ठरवू नका, ईजीएल काढा आणि ती कुठे उतरतेय ते बघा.

३. प्रत्येक तुकड्याचा वेग आणि व्हेलॉसिटी हेड काढा

डिस्चार्ज भागिले क्षेत्रफळ, एवढंच.

- २०० मिमी: क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर, वेग १.५९ मी/से, व्हेलॉसिटी हेड ०.१३ मीटर
- १५० मिमी: क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर, वेग २.८३ मी/से, व्हेलॉसिटी हेड ०.४१ मीटर

इथे दुसरा गैरसमज येतो आणि तो फार चिवट आहे. पुष्कळ जणांना वाटतं की घर्षणामुळे पाणी पुढे पुढे हळू होत जातं. एकाच व्यासाच्या भरलेल्या पाइपमध्ये हे शक्यच नाही. पाणी दाबून लहान होत नाही म्हटल्यावर जेवढं आत शिरतंय तेवढंच बाहेर पडायला हवं, म्हणजे २०० मीटरच्या त्या पाइपमध्ये पहिल्या मीटरला १.५९ वेग असेल तर शेवटच्या मीटरलाही १.५९ च. घर्षण वेग खात नाही, ते दाब आणि उंची ह्यांची बेरीज खातं, म्हणजेच एचजीएल खाली आणतं. त्यामुळे एकाच व्यासाच्या पाइपवर ईजीएल आणि एचजीएल कायम समांतर असतात. तुमच्या ड्रॉइंगमध्ये त्या दोन रेषा जवळ येताना किंवा लांब जाताना दिसल्या आणि व्यास बदललेला नाही, तर गणितात चूक आहे, मागे जा.

४. लॉसची यादी करा

लॉस दोन प्रकारचे. पाइपच्या लांबीभर होणारा घर्षणाचा लॉस, ज्याला मेजर म्हणतात, आणि फिटिंग्जवर होणारा, ज्याला मायनर म्हणतात. मायनर हे नाव फसवं आहे, लांब लाइनवर तो खरंच किरकोळ असतो पण पंपहाऊसच्या आतल्या दहा-पंधरा मीटरच्या पाइपिंगमध्ये एल्बो आणि व्हॉल्व्हचाच लॉस घर्षणापेक्षा जास्त निघतो.

घर्षणासाठी डार्सी-वाइसबाख वापरा: लॉस = एफ × (लांबी ÷ व्यास) × व्हेलॉसिटी हेड. वाइसबाख ह्यांनी १८४५ मध्ये हे सूत्र ह्या रूपात मांडलं, आणि डार्सी ह्यांनी १८५७ मध्ये पाइपवरचे प्रयोग प्रसिद्ध करून खडबडीतपणाचा परिणाम दाखवून दिला.

एफ म्हणजे घर्षणाचा गुणांक, तो कुठून आणायचा? आधी रेनॉल्ड्स नंबर काढा, वेग गुणिले व्यास भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (द्रवाच्या चिकटपणाचं माप). २० अंशाच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण ०.०००००१ चौरस मीटर प्रति सेकंद धरली तर आपल्या पहिल्या पाइपचा रेनॉल्ड्स नंबर ३,१८,००० च्या आसपास येतो. २००० च्या खाली लॅमिनार म्हणजे संथ थराथराने वाहणारा प्रवाह, ४००० च्या वर टर्ब्युलंट म्हणजे घुसळत वाहणारा, म्हणजे आपण चांगलेच टर्ब्युलंटमध्ये आहोत. मग मूडीचा १९४४ चा चार्ट काढायचा, खडबडीतपणा भागिले व्यास हा आकडा घ्यायचा आणि एफ वाचायचा. आतला खडबडीतपणा ०.१५ मिमी धरला तर दोन्ही पाइपसाठी एफ ०.०२ च्या जवळपास येतो, तेवढाच धरून पुढे जाऊ.

थांबा, इथे एक मोठा सापळा आहे. काही पुस्तकांत घर्षणाचं सूत्र ४ एफ एल व्ही स्क्वेअर असं सुरू होतं. त्यातला एफ वेगळा आहे, त्याला फॅनिंगचा एफ म्हणतात आणि तो डार्सीच्या एफच्या एक चतुर्थांश असतो. एका पुस्तकातला एफ दुसऱ्या पुस्तकाच्या सूत्रात टाकला की उत्तर चारपट चुकतं, आणि चारपट चुकलेलं उत्तर बघायला इतकं व्यवस्थित दिसतं की कोणाला संशय येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, त्या पुस्तकात लॅमिनार प्रवाहासाठी काय दिलंय ते बघा. ६४ भागिले रेनॉल्ड्स असेल तर डार्सीचा, १६ भागिले रेनॉल्ड्स असेल तर फॅनिंगचा.

मायनर लॉस = के × व्हेलॉसिटी हेड. के हा प्रत्येक फिटिंगचा ठरलेला आकडा, तो तक्त्यातून घ्यायचा. टाकीतून पाइपमध्ये शिरताना कोपरा धारदार असेल तर ०.५, तोंड छान गोलाई दिलेलं असेल तर ०.०५ च्या आसपास म्हणजे दहापट कमी. पाइपमधून टाकीत सुटताना १.०, आणि हा १.० पाइपचं तोंड कसंही घडवलं तरी जवळपास तेवढाच राहतो कारण पाण्याचा सगळा वेग टाकीत विरून जातो. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ०.२ च्या आसपास, पण पूर्ण उघडा ग्लोब व्हॉल्व्ह १० च्या आसपास, त्यामुळे नुसतं व्हॉल्व्ह असं लिहिलेलं असेल तर कुठला ते विचारून घ्या. व्यास बदलतो तिथे कुठल्या बाजूचा वेग धरायचा हे तक्त्याच्या खाली लिहिलेलं असतं, अरुंद होताना साधारणपणे लहान पाइपचा धरतात. आपल्या २०० ते १५० च्या जागी के ०.२ धरलाय.

आता आपले लॉस:

- टाकीतून शिरताना: ०.५ × ०.१२९ = ०.०६ मीटर
- २०० मिमी पाइपचं घर्षण: ०.०२ × (२०० ÷ ०.२) × ०.१२९ = २.५८ मीटर
- अरुंद होताना: ०.२ × ०.४१ = ०.०८ मीटर
- १५० मिमी पाइपचं घर्षण: ०.०२ × (१५० ÷ ०.१५) × ०.४०८ = ८.१६ मीटर
- टाकीत सुटताना: १.० × ०.४१ = ०.४१ मीटर

२०० मिमीचा पाइप मीटरमागे साधारण १३ मिमी खातोय आणि १५० मिमीचा ५४ मिमी. व्यास पाऊणपट झाला आणि लॉस चारपटीच्या वर गेला. कारण एफ आणि डिस्चार्ज तेच ठेवले तर लॉस व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, व्यास निम्मा केला की ३२ पट. पाइप एक साइज लहान घेऊन भागेल का असं कोणी विचारलं तर हा पाचवा घात आठवा.

५. ईजीएल काढा

आता गंमत सुरू होते, कारण इथून पुढे फक्त वजाबाकी आहे, हिशेबाच्या वहीत शिल्लक लिहीत जातो तशी. वरच्या टाकीतलं पाणी स्थिर, पृष्ठभागावर गेज प्रेशर (वातावरणाचा दाब शून्य धरून मोजलेला दाब) शून्य, म्हणून ईजीएल तिथे पाण्याच्या लेव्हललाच, ४०.०० वर.

- पाइपमध्ये शिरल्यावर: ३९.९४
- २०० मिमी पाइपच्या शेवटी: ३७.३६
- १५० मिमी सुरू झाल्यावर: ३७.२८
- १५० मिमीच्या शेवटी: २९.१२
- खालच्या टाकीत: २८.७१

कागदावर घर्षण म्हणजे तिरकी सरळ रेषा आणि मायनर लॉस म्हणजे उभी पायरी. पायरी छोटी असली तरी काढा. रेषेचा उतार पाइपच्या लांबीवर जातो, पाइप वर चढतोय की खाली उतरतोय ह्याच्याशी त्याचा संबंध नाही, ३५ मीटरवरच्या त्या चढापाशी ईजीएल वाकवायचा मोह खूप जणांना होतो, वाकवू नका.

नियम एकच आणि तो मोडत नाही: प्रवाहाच्या दिशेने जाताना ईजीएल पंपाशिवाय कधीही वर जात नाही.

टाक्यांच्या लेव्हल दिलेल्या असतील आणि डिस्चार्ज माहीत नसेल तर हेच उलट करायचं. सगळ्या लॉसची बेरीज म्हणजे दोन टाक्यांच्या लेव्हलमधला फरक, एफ अंदाजे धरून त्यातून वेग काढा, मग त्या वेगाने एफ परत तपासा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिर होतो.

६. एचजीएल काढा

ईजीएलमधून त्या त्या पाइपचं व्हेलॉसिटी हेड वजा करा.

- २०० मिमीच्या सुरुवातीला: ३९.९४ − ०.१३ = ३९.८१
- २०० मिमीच्या शेवटी: ३७.३६ − ०.१३ = ३७.२३
- १५० मिमीच्या सुरुवातीला: ३७.२८ − ०.४१ = ३६.८७
- १५० मिमीच्या शेवटी: २९.१२ − ०.४१ = २८.७१

शेवटचा आकडा बघा, तो खालच्या टाकीच्या लेव्हलशी तंतोतंत जुळला. पाण्याखाली सुटणाऱ्या पाइपमध्ये तो जुळलाच पाहिजे, ही तुमची फुकटातली तपासणी आहे. पाइप हवेत मोकळा सुटत असेल तर मात्र एचजीएल पाइपच्या तोंडाच्या सेंटरलाइनवर येऊन मिळते कारण तिथे गेज प्रेशर शून्य, आणि ईजीएल तिच्या वर व्हेलॉसिटी हेडएवढी राहते.

व्यास बदलला तिथे ईजीएल फक्त ०.०८ ने उतरली आणि एचजीएल ०.३६ ने. ह्यातले ०.२८ मीटर कुठेही वाया गेलेले नाहीत, ते दाबातून वेगात गेलेत. प्रेशर ड्रॉप आणि लॉस हे एकच समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

उलटंही करून बघा, हाच पाइप १५० वरून अचानक २०० झाला असता तर? वेगातल्या फरकाचा वर्ग भागिले टू-जी असा लॉस येतो, ०.०८ मीटर. व्हेलॉसिटी हेड ०.४१ वरून ०.१३ वर येतं. म्हणजे ईजीएल ०.०८ ने खाली आणि एचजीएल ०.२० ने वर. एचजीएल वर जाऊ शकते, त्यात काही चूक नाही.

७. आता प्रेशर वाचा

एचजीएलमधून पाइपची सेंटरलाइन वजा करा. व्यास बदलतो त्या जोडाच्या अलीकडे ३७.२३ − ३० = ७.२३ मीटर, गुणिले ९.८१ म्हणजे ७०.९ किलोपास्कल. अंदाजासाठी १ बार म्हणजे साधारण १०.२ मीटर पाणी एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. पाण्याऐवजी दुसरं काही वाहत असेल तर हे सगळे मीटर त्याच द्रवाचे असतात, घनता त्याची टाका.

आता त्या चढाकडे या. १५० मिमी पाइपच्या मध्यावर एचजीएल ३६.८७ − ४.०८ = ३२.७९. पाइप आहे ३५ वर. म्हणजे पाइप एचजीएलच्या वर गेला आणि प्रेशर हेड आलं −२.२१ मीटर. हे आकड्यातलं निगेटिव्ह खरंच असतं का, तर हो, गेज प्रेशर वातावरणापेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०.३३ मीटर पाण्याएवढा, त्यामुळे ॲब्सोल्यूट प्रेशर, म्हणजे वातावरणाचा दाब धरून एकूण दाब, अजून ८.१२ मीटर आहे आणि पाणी वाहत राहील.

पण अशी जागा दिसली की तिथे लाल खूण करा. दाब कमी झाला की पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येऊन चढाच्या माथ्याशी साठते आणि पाण्याची वाट अरुंद करते. जोड थोडा जरी सैल असेल तर पाणी बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आणि घाण आत ओढली जाते, पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर हे धोक्याचं आहे. आणि नेहमीच्या सवयीने तिथे साधा एअर व्हॉल्व्ह बसवला तर तो हवा बाहेर सोडायच्या ऐवजी आत घेतो. पाइप एचजीएलच्या साधारण ७ ते ७.५ मीटरपेक्षा जास्त वर जाऊ देत नाहीत, कारण आकड्यात मर्यादा १० च्या जवळ असली तरी त्याच्या बऱ्याच आधी हवा सुटून प्रवाह तुटायला लागतो. उंच ठिकाणी वातावरणाचा दाबच कमी असतो, तिथे ही मर्यादा आणखी खाली येते.

उपाय दोनच चांगले, पाइप खालून न्या किंवा चढाच्या अलीकडचा पाइप मोठा घ्या म्हणजे एचजीएल वर राहते. चढाच्या पुढचा व्हॉल्व्ह थोडा बंद करूनही एचजीएल वर उचलता येते पण मग डिस्चार्ज कमी होतो.

८. व्हॉल्व्ह बंद असतानाची रेषाही काढा

ही पायरी सगळेच गाळतात. शेवटचा व्हॉल्व्ह बंद केला की वेग शून्य, लॉस शून्य, दोन्ही रेषा एक होऊन ४०.०० वर आडव्या. मग शेवटच्या टोकाला, २६ मीटरच्या लेव्हलवर, प्रेशर हेड १४ मीटर. वाहताना तिथे होतं २८.७१ − २६ म्हणजे २.७१ मीटर. पाइपचा प्रेशर क्लास, म्हणजे तो किती दाब सोसेल ती प्रत, वाहत्या दाबावर नाही तर ह्या बंद दाबावर ठरतो, आणि त्यावर वॉटर हॅमरची, म्हणजे वाहतं पाणी एकदम थांबल्यावर बसणाऱ्या दाबाच्या झटक्याची, भर. स्टीलच्या पाइपमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर जाते, त्यामुळे १ मी/से वेगाचं पाणी एकदम थांबवलं तर दाब साधारण १०० मीटर हेडने उसळतो. व्हॉल्व्ह हळू बंद करायला सांगतात ते ह्यासाठी.

९. लाइनवर पंप असेल तर

पंपाच्या जागी ईजीएल सरळ वर उडी मारते, उडीची उंची म्हणजे पंपाचं हेड. एवढी एकच जागा जिथे ती वर जाते. टर्बाइन असेल तर तशीच उडी खाली. पॉवर काढायची तर घनता × ९.८१ × डिस्चार्ज × हेड, आपल्या ५० लिटरला २० मीटर हेड द्यायचं तर ९.८१ किलोवॉट, आणि पंपाची एफिशियन्सी ७० टक्के असेल तर शाफ्टला १४ किलोवॉट लागतील.

सक्शनच्या बाजूला जास्त लक्ष द्या. पंप टाकीच्या वर बसवलेला असेल तर एचजीएल सक्शन पाइपच्या खाली जाते आणि सगळ्यात कमी दाब पंपाच्या तोंडाशी येतो. तिथे पाणी उकळण्याइतका दाब पडला की वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की फुटतात, आणि पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो. हा आवाज ऐकला तर पंपाच्या पुढचं नंतर बघा, आधी सक्शनची गाळणी, फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा, पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि सक्शन पाइपचा व्यास तपासा.

१०. जागेवर जाऊन गेजशी जुळवा

कागदावरची रेषा खरी आहे का हे गेज सांगतो, पण गेज आपल्या स्वतःच्या उंचीवरचा दाब दाखवतो. जोडाच्या अलीकडे सेंटरलाइनवर ७.२३ मीटर म्हणजे ०.७१ बार असायला हवा, पण गेज वाचायला सोयीचा म्हणून दीड मीटर वर लावलेला असेल आणि त्याची नळी पाण्याने भरलेली असेल तर तो ५.७३ मीटर म्हणजे ०.५६ बारच दाखवेल. प्रत्येक गेजची लेव्हल घ्या, वाचलेलं प्रेशर मीटरमध्ये करून त्यात मिळवा, म्हणजे त्या जागेची एचजीएल मिळते, आणि ते बिंदू तुमच्या ग्राफवर दुसऱ्या रंगाने टाका. रीडिंग घेताना डिस्चार्जही त्याच वेळी मोजा, लॉस वेगाच्या वर्गाने बदलतात त्यामुळे कालचा डिस्चार्ज आणि आजचं प्रेशर जुळवत बसण्यात अर्थ नाही.

मग फरक कसा दिसतो ते बघा. डिस्चार्ज तेवढाच असून एका तुकड्यात सगळीकडे उतार जास्त येत असेल तर तिथला पाइप आतून गंजलाय किंवा क्षार बसून त्याचा व्यास कमी झालाय. उतार दोन्हीकडे बरोबर आहे आणि मधेच एक पायरी जास्त दिसतेय तर त्या दोन गेजच्या मध्ये कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा काहीतरी अडकलंय, तिथे आणखी एक गेज लावून जागा जवळ आणा. आणि जोडाच्या पुढच्या तुकड्यात उतार अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर वाटेत कुठेतरी पाणी गळतंय, कारण पुढे कमी पाणी जातंय म्हणून घर्षणही कमी झालंय.